तो काही करत नाही

“घाबरू नका हो, तो काही करत नाही!”

हे वाक्य ऐकले नाही असा माणूस निदान आमच्या या गावात तरी सापडावयाचा नाही. खात्री करून घ्यायची असेल तर सकाळी साडेसहाला आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर या. एन. सी. सी. ची मुले धावत असतात, मुलींचा खो-खोचा सराव चाललेला असतो आणि मागच्या कॉलनीतले एक गृहस्थ हातात साखळी गुंडाळून आरोग्य कमावीत फिरत असतात. त्या साखळीच्या टोकाला जो प्राणी असावयाचा, तो मात्र खो-खोच्या खेळात शिरलेला असतो. मुली किंचाळतात, कोणी झाडामागे लपते, कोणाची चप्पल राहते, आणि गृहस्थ लांबूनच हसत हसत वरील वाक्य म्हणतात. आमच्याच एका सरांच्या तोंडूनही मी ते ऐकले आहे. नाव सांगत नाही. अंतर्गत गुण अजून लागायचे आहेत!

तेथून वसतिगृहाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंगले आहेत. त्यांतल्या पाच फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी आहे. मी मोजल्या आहेत. सावध कोणी राहायचे? तर रस्त्याने जाणाऱ्याने. ज्याचा कुत्रा आहे त्याला काही सांगणारी पाटी मला अजून कोणत्याच फाटकावर आढळलेली नाही.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे गेल्या सप्टेंबरात झालेली आपल्या वादविवाद मंडळाची सभा. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दल निकाल दिला होता. 11 तारखेला दोन न्यायमूर्तींनी सांगितले की सगळी कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवा. 22 तारखेला तीन न्यायमूर्तींनी त्यात बदल केला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री पुन्हा होती तेथेच सोडा, फक्त पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडू नका. देशभर दोन तट पडले, तसे आपल्या वसतिगृहातही पडले. सभेत मीही नाव दिले होते. नाव पुकारले तेव्हा मी उठलोच नाही. मित्रांनी नंतर पुष्कळ थट्टा केली. “भाषण पाठ नव्हते का रे?” म्हणाले.

पाठ होते. पण विषय होता ‘भटकी कुत्री’, आणि मला जे सांगायचे होते त्यातली कुत्री भटकी नव्हती. त्यांच्या गळ्यात पट्टे होते. एकाच्या पट्ट्याला तर पितळेचा बिल्ला होता आणि त्यावर मालकाचा फोन नंबर कोरलेला होता. तेव्हा अनुकूल बाजूने बोलावे की प्रतिकूल, हेच मला कळेना. त्या दिवशी न केलेले भाषण आज लिहून काढीत आहे.

आम्ही धनगर. गाव माण तालुक्यात. पाऊस आमच्याकडे वाट चुकल्यासारखा येतो, आला तर. म्हणून दिवाळी झाली की आमचा वाडा निघतो. वाडा म्हटले की आमच्या वर्गातल्या मुलांना चौसोपी वाडा आठवतो, म्हणून सांगतो. आमचा वाडा म्हणजे घोड्यावर लादलेला संसार, पाचसहा घरांची माणसे, मेंढरे आणि कुत्री. पुढे नीरेच्या, कृष्णेच्या खोऱ्यात बागायतीच्या मोकळ्या रानात मेंढरे बसवायची. रात्रभराच्या लेंड्यांनी रान खताळते, शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो, आणि दोनचार दिवसांनी पुढचे रान. जेठात पाऊस लागला की परत गावाकडे. माझे आबा असेच जगले, दादाही (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) असेच जगत आहेत. मी तेवढा शाळेसाठी मावशीकडे राहिलो आणि बारावी झालो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिला मीच. प्रवेश-अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ असे लिहिले होते. ते का लिहिले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कुत्रे हा आमच्याकडे हौसेचा प्राणी नाही, तसाच टाकाऊही नाही. आमचा देव खंडोबा, त्याच्या पायाशी कुत्रे असतेच. पण देवाच्या पायाशी असलेल्या कुत्र्यालाही आबा शिस्त लावल्याशिवाय राहिले नसते! पिल्लाचे डोळे उघडले की ते त्याला कोकरांत नेऊन टाकीत. मेंढीचे दूध पाजीत. कोकराच्या अंगावर झोपायचे, कोकराचा वास घ्यायचा, मेंढीची टक्कर खायची. दोन-तीन महिने असे गेले की त्या पिल्लाला आपण कुत्रा आहोत की मेंढरू हेच समजत नाही, आणि तेच हवे असते. मोठेपणी ते लांडग्याच्या आडवे जाते ते मालकासाठी नव्हे, आपल्या माणसांसाठी. म्हणजे मेंढरांसाठी!

मी दहा वर्षांचा असताना मात्र एक पिल्लू या शाळेतून निसटले. ते मी मावशीच्या गावाहून पिशवीत घालून आणलेले होते, चांगले चार महिन्यांचे. उन्हाळ्याची सुट्टी होती, वाडा परतून गावाजवळ आला होता. मला त्याचे इतके कौतुक की मी त्याला बांधूच देत नसे. एके दिवशी शेजारची आजी हातात तीन कोंबड्या घेऊन आमच्या दारी उभी राहिली. पाय धरून उलट्या धरलेल्या, माना लोंबणाऱ्या. मी पिल्लाला पोटाशी धरले आणि म्हणालो, “ते काय न्हाई करत. लहान हाय अजून.”

आबा बाजेवर बसले होते. त्यांनी पिल्लाकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, “ते काय करत न्हाई, कळलं. तू काय करतूस ते सांग.”

मला काही सांगता आले नाही. आबांनी आजीला न मागता एक पाठ देऊन टाकली. तीन कोंबड्यांना एक शेळीची पाठ म्हणजे हिशेब आजीच्याच बाजूला झुकला होता. आईला तो सौदा मुळीच पटला नाही. दुपारी आबांनी बाभळीचा हातभर ओंडका तासला, त्याला भोक पाडले आणि दोरीने पिल्लाच्या गळ्यात अडकवला. लोढणे. चालता येते, बसता येते, खाता येते. पण पळायला लागले की ओंडका पुढच्या पायांवर आपटतो. चार महिने ते लोढणे त्याच्या गळ्यात होते आणि ते चार महिने त्याला भाकरी घालायचे, पाणी दाखवायचे, रात्री दोरी तपासायची हे सगळे काम माझ्याकडे होते. लोढणे खरे म्हणजे दोघांच्या गळ्यात होते. तेच पिल्लू पुढे मोत्या झाले. सात वर्षांत त्याने एका कोकराच्या कानालाही दात लावला नाही.

आता 2024 ची दिवाळी. मी पहिल्या वर्षाला होतो. भाऊबीज झाल्यावर उरलेली सुट्टी काढायला वाड्यावर गेलो. वाडा नीरेच्या काठाला एका शेतकऱ्याच्या रानात उतरला होता. पलीकडे ऊस, आणि उसाच्या कडेला एक फार्महाऊस. पुण्याचे कोणी साहेब शनिवार-रविवार तेथे येतात असे शेतकऱ्याने सांगितले. “कुत्री हाईत दोन. पर आत असत्यात,” असेही तो म्हणाला.

रविवार उजाडायच्या आत, तांबडे फुटायच्या वेळेला मोत्याच्या आवाजाने मी जागा झालो. मोत्या लांडग्यावर भुंकतो तो आवाज वेगळा आणि परक्या कुत्र्यावर भुंकतो तो वेगळा. हा दोन्हींपैकी नव्हता. मेंढरे आम्ही रात्री वाघरीत कोंडतो. वाघर म्हणजे खुंट्यांना ताणून लावलेली जाळी. त्या वाघरीवरून दोन मोठी कुत्री आत उतरली होती, एक काळे रुंद छातीचे आणि एक अल्सेशियन.

मेंढरू गरीब असते असे आपण म्हणतो. ते ओरडतही नाही. शेळी जीव गेल्यासारखी ओरडते, मेंढरू नुसते पळते. आणि पळणारे काही दिसले की कुत्र्याच्या डोक्यात काय होते ते कुत्रेच जाणे. ही कुत्री भुकेली नव्हती. अंगावर हात फिरवला तर बोट घसरेल अशी तुकतुकीत. ती एका मेंढीला धरायची, झटकायची, टाकायची आणि दुसरीमागे लागायची. शंभरावर मेंढरे एका कोपऱ्याला गेली, वाघरीवर रेटली, एकावर एक चढली. खाली कोकरे होती.

मोत्याने काळ्याला धरले. त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता म्हणून गळा वाचला. अर्धा कान गेला तो गेलाच. दादा काठी घेऊन धावले. मी काय केले असेल, तर अल्सेशियनच्या पट्ट्याला हात घालून त्याला मागे ओढले. वसतिगृहातल्या मुलाचे शहाणपण! तो वळला आणि त्याने माझ्या उजव्या हाताला, मनगटाच्या वर, दात रोवले.

तेवढ्यात उसाच्या बांधावरून बॅटरीचा उजेड आला आणि हाक आली, “रॉकी! रॉकी, कम!” काय सांगू, त्या कुत्र्याने माझा हात सोडला, कान पाडले आणि शेपूट हलवीत तिकडे गेले. साहेब नाइट पँटवर आले होते. त्यांनी ‘सिट’ म्हटले. ते बसले. आणि सवयीने त्याने उजवा पंजा उचलून साहेबांपुढे धरला. शेकहँडसाठी. त्याच्या तोंडाला लोकर चिकटलेली होती.

साहेब म्हणाले, “तो असं कधी करत नाही हो.”

व्याकरणाच्या तासाला सर क्रियाविशेषणे शिकवतात तेव्हा मला हे वाक्य आठवते. आदल्या दिवशीपर्यंत ते ‘तो काही करत नाही’ असे असणार. एका रात्रीत त्यात ‘असं’ आणि ‘कधी’ असे दोन शब्द आले, बाकी वाक्य शाबूत होते.

उजाडल्यावर मोजले. तीन मेंढ्या चावून मेलेल्या. दोन मेंढ्या आणि चार कोकरे चेंगरून मेलेली, अंगावर ओरखडाही नाही. पाच जखमी. माझ्या वसतिगृहाच्या खर्चासाठी दादांनी दोन गाभण मेंढ्या मनाशी धरून ठेवल्या होत्या. एक त्या तिघींत होती. दुसरी उभी होती, खातही होती. तिने सहाव्या दिवशी गाभ टाकला. तिच्यासारख्या आणखी पाच जणींनी त्या आठवड्यात टाकला. पळालेल्या, भ्यालेल्या गाभण मेंढीचे असे होते हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असते, पण ते त्या सकाळी कोणाला दाखवणार? पोटातले दिसत नाही.

आबा मात्र सगळे सोडून एकच गोष्ट विचारीत होते. “सायेब, कुत्र्याला सुई टोचलीया का? कार्ड दावा.” साहेबांना ते आधी कळलेच नाही. मग म्हणाले, हो, लस दिलेली आहे, कार्ड पुण्याला आहे. “मग मागवा,” आबा म्हणाले. ते कार्ड शेवटपर्यंत आले नाही.

आबांचे लक्ष माझ्या हाताकडे होते. मी शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या पाइपाखाली हात धरला आणि अंगाच्या साबणाने चांगला पंधरा मिनिटे धुतला. शाळेच्या पुस्तकात शिकलेली ही गोष्ट आयुष्यात उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. चुलतीने मिरचीपूड आणली होती, ती मी लावू दिली नाही. त्यावरून थोडी कुरबूर झाली. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी जखमेत एक इंजेक्शन भरले आणि दोन्ही दंडांवर लस टोचली. त्याच दिवशी एक, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आबांच्या लहानपणी बेंबीभोवती चौदा घ्यावी लागत. ते मला सारखे सांगत होते, “लई सोपं झालंय आता.” पण लई सोपे ते एका जागी राहणाऱ्याला. वाडा आज येथे तर परवा तेथे. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चावलेल्या मेंढ्यांनाही लस दिली, त्यांचाही हिशेब ठेवायचा.

निघताना डॉक्टरांनी विचारले, “कुत्रा पाळीव आहे ना? मग दहा दिवस नजर ठेवा त्याच्यावर. दहाव्या दिवशी तो ठणठणीत दिसला की निम्मी काळजी मिटली. सुया मात्र चुकवू नका.”

पैशांचे थोडक्यात सांगतो. गाभण मेंढीला बाजारात दहा-बारा हजार सहज येतात. साहेबांनी सहा हजार काढले. तीन मेंढ्यांचे, दोन हजारांप्रमाणे. बाकीच्यांच्या अंगावर दात नाहीत, त्या तुमच्या जाळीने मेल्या, असे ते म्हणाले. बोलायला वाईट नव्हते. चहा देऊ का, असेही विचारले. दादांनी पैसे घेतले. मला त्या वेळी दादांचा फार राग आला होता. आता येत नाही.

पोलिसांकडे गेलो. हवालदारांनी माझा हात पाहिला, नाव-गाव विचारले आणि मग आपुलकीने म्हणाले, “तक्रार घेतो, पण पुढं बोलावलं तर यावं लागेल. तुमचा वाडा तेव्हा कुठं असेल?” दादांना सांगता आले नाही. नोंद तेवढी झाली.

पुढे कॉलेजात आल्यावर मी ग्रंथालयात राज्यशास्त्राच्या सरांना गाठले. सरांनी भारतीय न्याय संहिता काढून दिली. ती 1 जुलै 2024 पासून लागू झाली, म्हणजे आमच्या प्रकरणाला चार महिने आधी. कलम 291: आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच 289 वे कलम होते आणि दंड हजार रुपयांपर्यंत होता. मला मोठा आनंद झाला. पण सर म्हणाले, नीट वाच. वाचले. धोका माणसाच्या जिवाला किंवा माणसाला गंभीर दुखापत होण्याचा हवा. मेंढराचे नाव नाही. जनावर मारण्याचे कलम वेगळे आहे, 325; पण तेथे नुकसान करण्याचा उद्देश किंवा निदान जाणीव सिद्ध करावी लागते, आणि झोपलेल्या माणसाचा उद्देश कसा सिद्ध करणार! दिवाणी दावा लावता येतो. कोणी, कोठे आणि कोणत्या तारखेला, हे हवालदारांनी आधीच विचारलेले होते.

यात गंमत अशी की त्याच मेंढ्या लांडग्याने मारल्या असत्या तर वनखात्याकडे अर्ज करता आला असता. पंचनामा होतो, भरपाई मिळते. उशिरा मिळते, पण मिळते. रानातल्या लांडग्याची जबाबदारी सरकारने घेतली आहे. बिल्ला लावलेल्या रॉकीची कोणी घ्यायची? आबा तर उघड म्हणतात, “लांडगा बरा. एक नेतो, खातो, दोन दिस गप ऱ्हातो.”

मोठ्या शहरांत कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो. साहेबांनी पुण्यात तो काढलाही असेल. पण शहरात जे कुत्रे लिफ्टमधून साखळीने उतरते, तेच गावात आणून मोकळे सोडले जाते. येथे काय, सगळे रानच आहे, असे वाटत असावे. ते रान कोणाचे तरी असते, आणि त्या रानात कोणीतरी झोपलेले असते.

आता त्या दहा दिवसांबद्दल. वाडा तिसऱ्या दिवशी पुढे हलला, पण मी रोज दुपारी दीड तास चालत त्या फार्महाऊसच्या फाटकाशी जात असे. काम एकच: रॉकी जिवंत आहे का, पाणी पितो का, पाहायचे. काळ्याला साहेब गाडीतून पुण्याला घेऊन गेले होते. रॉकी मागे राहिला होता.

पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे काय नजरेने पाहिले असेल ते सांगायला नको. हातात दगडही होता. तो गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधलेला होता. साखळी तीन हातांची. त्या तीन हातांत त्याने जमीन गोल उकरून काढली होती, घाण्याच्या बैलाने काढावी तशी. दुसऱ्या दिवशी तो भुंकला. चौथ्या दिवशी मला पाहून उभा राहिला. पाचव्या दिवशी त्याने शेपूट हलवली, आणि मला उगाच लाजल्यासारखे झाले.

राखणदार तेथे एकटाच राहत असे. त्याला माझी सवय झाली. तो सांगू लागला, “सायेब आईतवारी येत्यात, तवा त्याचा लाड. बिस्किट, चेंडू, फोटो. बाकी सहा दिस हे असंच. रातीला सोड म्हणून सांगितलंय, राखणीला. म्हागल्या अंगाला कुंपनाला भगदाड हाय, म्या दिवाळीच्या आधीच बोललू हुतो. ‘फुडच्या महिन्यात बघू’ म्हणाले.”

भगदाड मी जाऊन पाहिले. तारेच्या जाळीला खालून पडलेले, माणूस ओणवा होऊन जाईल एवढे. कडेच्या तारांना पिवळट केस अडकले होते. म्हणजे आमच्या रात्रीच्या आधीही ते कुत्रे तेथून कितीदा तरी बाहेर गेले असणार, उसातून हिंडून उजाडायच्या आत परतले असणार आणि सकाळी शेकहँड केला असणार. साहेबांना तो काही करत नाही असे वाटे ते खोटे नव्हते. त्यांच्यासमोर तो खरोखरच काही करत नव्हता.

मी त्या सहा हजारांचा, टाकलेल्या गाभांचा, माझ्या फीचा राग घेऊन रोज तेथे जात होतो, आणि तो राग ठेवायला मला जागा सापडेना. साहेब तेथे नव्हते. राखणदाराने आधीच सांगितले होते. राहता राहिला तो साखळीचा, आणि त्याला तर मला पाहून आनंद होत होता. धर्मराजाने कुत्र्याशिवाय स्वर्गात यायला नकार दिला ही गोष्ट आपण शाळेत मोठ्या कौतुकाने ऐकतो. पण ते कुत्रे सगळी वाट त्याच्या बरोबर चालत आलेले होते. धर्मराज त्याला शनिवारी भेटत नव्हता.

(माझ्या शिक्षणाचे काय झाले असे कोणी विचारील. दादा ‘बघू’ म्हणाले आणि आईने बघितले; कसे ते मला अजून नीट सांगितलेले नाही. यंदा मी ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करतो. पुस्तकांवरची धूळ झटकताना उजवे मनगट थंडीत अजून दुखते.)

दहाव्या दिवशी आबा म्हणाले, मी बी येतो. शहात्तराव्या वर्षी दीड तास चालले. खांद्यावर घोंगडी होती आणि घोंगडीत काहीतरी गुंडाळलेले होते. मी विचारले नाही.

रॉकी उभा होता. डोळे स्वच्छ, लाळ नाही, समोर पाण्याचे भांडे अर्धे रिकामे. राखणदार म्हणाला, “दहावा न्हवं आज? सुटलासा.” भगदाडात त्याने बाभळीच्या फांद्या कोंबल्या होत्या, आपल्या मनाने. साहेबांचा फोन आला होता का असे मी विचारले. आला होता म्हणाला, पण दुसऱ्या कामाचा.

आबा कुत्र्याच्या समोर, साखळीच्या आत, उकिडवे बसले. मला भीती वाटली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी घोंगडी सोडली. आत बाभळीचा ओंडका होता, नवा तासलेला, भोक पाडलेला, दोरीसकट. “रातीला सोडायचं तर ह्ये घालून सोड,” ते राखणदाराला म्हणाले. मग दोरी पट्ट्यात ओवू लागले. त्यांची बोटे आता नीट चालत नाहीत, त्यामुळे वेळ लागला. रॉकी मान पुढे करून गप्प बसला होता. गाठ बसली तसा त्याने सवयीने उजवा पंजा उचलला आणि आबांच्या पुढे धरला.

आबांना शेकहँड ठाऊक नाही. त्यांना वाटले, कुत्रे पाय दाखवते आहे. त्यांनी तो पंजा हातात घेतला, उलटा केला, बोटांमधली केसाळ जागा अंगठ्याने उकलून एकेक फट पाहिली.

“काटा न्हाई,” म्हणाले, आणि पाय हळूच खाली ठेवला.